न येण्याचं आमंत्रण

जितेशच्या दाराची कडी वाजवून सखू पायरी उतरली आणि अंगणात मागे सरून उभी राहिली. तोंडावरचा रुमाल घामाने ओला झाला होता. ताटात अक्षता होत्या, हळदीकुंकवाचे करंडे होते, मधोमध नारळ होता. लग्नाचं आमंत्रण घेऊन निघालेल्या बाईच्या ताटात जे असायला हवं ते सगळं होतं. फक्त ताट विधवेच्या हातात होतं आणि आमंत्रण न येण्याचं होतं.

जितेश डोळे चोळत बाहेर आला. सकाळी अकराला बाजार बंद झाला की भाजीचा टेम्पो दारात लावून तो जेवायचा आणि झोपायचा. दोन वर्षांपूर्वी याच जितेशची तारीख मिळावी म्हणून लोक मुहूर्त पुढेमागे करत. त्याची बेंजो पार्टी नसेल तर अंबरनाथपासून बदलापूरच्या पार पलीकडच्या गावांपर्यंत हळदीत कोणाचे पाय हलत नसत.

"काकी? तू कशाला उन्हातान्हाची? फोन कराचा ना."

"लग्नाचं आमंत्रन फोनवर देतात काय रं?" सखूने ताट पुढे केलं. "येत्या रविवारी मनालीचं लगीन हाय. दारातच मांडव हाय. तुमी सगल्यांनी..." इथे ती अडली. पहिलंच घर होतं, जिभेला अजून सवय नव्हती. "सगल्यांनी घरीच राहाचं. पंचवीस मानसांचा नियम हाय. येऊ नका, हे सांगाला आले."

जितेशला हसावं की रागवावं ते कळेना. त्याची बायको मागून आली, तिने ताटातलं कुंकू स्वतःच्या बोटाने घेतलं आणि स्वतःच कपाळाला लावलं. सखू कोणाला कुंकू लावणार नव्हती. ती नुसती ताट धरून होती.

"लग्नाचं समजलं. हलदीला तरी वाजवू दे," जितेश म्हणाला. "पैसा नको मना. ढोलकीवाला सिक्युरिटीत लागला, कीबोर्डवाला गावाला गेला. मी एकटाच येतो. काकी, हात विसरले ग माझे. काल पोरानं विचारलं, पप्पा तुमी पयल्यापासून भाजीच विकता काय?"

सखूला त्याच्या बोलण्यातलं सगळं कळत होतं. ती स्वतः कॅम्प पाच वस्तीतल्या एका सिंधी शेठच्या कारखान्यातल्या जीन्सचे धागे कापायची. टेम्पोने गठ्ठे यायचे, दुपारभर ओटीवर कैची चालायची. शेठचं शटर पडलं तसे गठ्ठे बंद झाले. निळ्या रंगाने काळवंडलेली तिची नखं कधी नव्हे ती स्वच्छ झाली होती आणि त्या स्वच्छ नखांचा तिला राग यायचा. काम बंद पडलेल्या माणसाला नुसतं हो म्हणण्यात किती पुण्य असतं, हे तिला कोणी सांगायला नको होतं.

"बेंजो वाजला तर गाव घरात राहील काय?" ती म्हणाली. "तूच सांग."

गाव घरात राहिला नसता, हे जितेशइतकं कोणालाच माहीत नव्हतं. त्याने वाकून चिमूटभर अक्षता उचलल्या आणि बनियनला खिसा नाही हे लक्षात आल्यावर मुठीतच धरून ठेवल्या.

सखूचा नवरा मधु भोईर गेल्या साली ऐन गणपतीत कोरोनाने गेला. घरात मृत्यू झाला की लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, अशी रीत. मुलीचं, मनालीचं ठरलेलं होतं. बदलापूरचं स्थळ चांगलं होतं, पण तीन वर्षं थांबण्याइतकं चांगलं कोणतंच स्थळ नसतं. हिवाळ्यात करू म्हणता म्हणता फेब्रुवारी गेला, मग दुसरी लाट आली, आणि आता मे महिन्यात सरकारने लग्नाला पंचवीस माणसं आणि दोन तास एवढीच मोकळीक ठेवली होती. आगरी घरातलं लग्न आणि पंचवीस माणसं! एरवी एवढी माणसं नुसती मांडवाच्या बांबूंवरून भांडायला असतात.

पंचवीस कोण, हे ठरवायला सखूला फार वेळ लागला नाही. वराकडचे निम्मे, तिचा भाऊ बाळा, भावजय, भटजी, मनालीच्या दोन मैत्रिणी. भावकीतलं एकही माणूस नाही. एकाला बोलावलं की बाकीच्यांनी काय घोडं मारलं होतं? पण न बोलावणं वेगळं आणि दारात जाऊन येऊ नका म्हणणं वेगळं, यावर ती अडून बसली होती. भाऊ म्हणाला, व्हॉट्सअ‍ॅपवर टाक, सगळे तसंच करतात. सखू म्हणाली, सगळे करतात म्हणूनच नको.

त्याला कारण होतं. मधु जाऊन चार महिने होत नाहीत तोवर शेजारच्या घरी, म्हणजे मोठ्या जावेच्या, रखमाबाईच्या घरी, तिच्या मुलाचं, भूपेशचं लग्न झालं. त्यांनाही वर्षाच्या आतच करायचं होतं. तेव्हा पन्नास माणसांना परवानगी होती. त्या पन्नासांत भूपेशच्या ऑफिसातले मित्र होते, फर्निचरवाला शेठ होता, त्या शेठचा मेहुणाही होता. भिंतीला भिंत लागून राहणारी सखू नव्हती. बेंजो तिने स्वतःच्या स्वयंपाकघरातून ऐकला. कोणी विचारलंच तर रखमाबाई म्हणायची, काय करणार, नियम होता. त्यावर कोणाला काही बोलताच येत नसे. त्या दिवशी सखूने ठरवलं होतं, की आपण नियमाच्या पदराआड कधी लपायचं नाही.

हे ठरवणं सोपं होतं. ते अवघड केलं मनालीने, आज सकाळीच, चहा पिताना.

"आई, हळद मला तूच लावायची. पहिली."

सखूने तिला वेड्यात काढलं. आई सुवासिन नसली की पहिल्या हळदीचा मान मोठ्या चुलतीचा. विधवा बाईने मांडवाच्या मागे, चुलीपाशी राहायचं, नवरीवर लांबून नजर टाकायची आणि डोळे पुसायचे. तिने स्वतःच्या आईला असंच पाहिलं होतं.

"लोक काय बोलतील?" ती म्हणाली.

"कुठले लोक?" मनालीने बशी खाली ठेवली. "लोक तर येणारच नाहीयेत. मामा-मामी काही बोलणार नाहीत, मी विचारलंय. आणि तू नाही लावलीस ना, तर मी कोणाकडूनच लावून घेणार नाही. कोरडीच उभी राहीन."

पोरगी बापावर गेली होती. ताट भरताना सखूचे हात नेहमीपेक्षा भरभर चालत होते. आपल्याला हे हवंय, खूप हवंय, हे तिला तेव्हा लख्ख कळलं. मधु गेल्यापासून तिला काही हवंसं वाटलं नव्हतं.

दुसरं घर नेत्राचं. नेत्राने दार उघडलंच नाही. खिडकीच्या गजांमागून तिचा चेहरा दिसला, आणि सखूला कळलं की ताट पुढे करायचं नाही. नेत्राचा नवरा अमित मागच्या महिन्यात गेला होता. पलीकडच्या गावात शटर लावून, आतल्या आत हळद केली होती कोणीतरी. तिथे तो नाचून आला आणि पंधरवड्यात संपला.

"काकी, तिथूनच बोल हां. घरात सासूबाई आहेत."

सखूने तिथूनच सांगितलं.

"बरं केलंस नाही म्हणालीस ते," नेत्रा म्हणाली. "पण पंचवीस तरी कशाला? कोर्टात सही करून टाका ना. नाहीतर थांबा. तीन वर्षं काय, पाच वर्षं थांबा. स्थळ गेलं तर गेलं. माणूस परत येत नाही, काकी. आणि तू अशी दारोदार फिरतेस ते पण मला नाही पटत. सॉरी, पण नाही पटत."

तिच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळेच सखूला उभं राहवेना. नेत्राचं चुकत होतं असं म्हणायला तिच्यापाशी एक शब्द नव्हता. तिने पदराने ताट झाकलं, खिडकीकडे बघून मान हलवली आणि ती वळली. जितेशचे रिकामे हात एका बाजूला आणि ही खिडकी दुसऱ्या बाजूला. कोणत्या तागडीने तोलायचं हे? सरकारने पंचवीस म्हटलं होतं. सरकारला तरी कळलं होतं का, की चोवीस का नाही आणि सव्वीस का नाही?

शिवमंदिराच्या वाटेवर सगळं सामसूम होतं. बेलफुलांच्या दुकानांवर ताडपत्र्या होत्या. एकाने फुलांच्या टोपल्यांत कांदे-बटाटे भरून ठेवले होते, तेही आता झाकलेले. वालधुनी नदीच्या पाण्याचा वास मात्र नेहमीचाच होता. क्षणभर तिच्या मनात आलं की परत फिरावं, भावाचं ऐकावं, मोबाईलवर एक निरोप टाकावा आणि सुटावं. मग तिने तोंडावरचा रुमाल झटकला, उलटा करून बांधला आणि ती पुढे चालू लागली.

गोमातात्या भावकीतला सगळ्यात म्हातारा माणूस. त्याने खाटेवर बसून सगळं ऐकून घेतलं आणि काठी जमिनीवर आपटली.

"मयताला गाव नाय, लग्नाला गाव नाय. मंग गाव हवा कशाला? पाडून टाका घरं, बिल्डरला द्या!"

"तात्या, पोलीस दंड करतील."

"दंडाची गोष्ट नको सांगू मना. मधुला तुमी परस्पर नेला. चौघांचा खांदा नाय त्याला. प्लास्टिकमंदी बांधलेला, कोनी तोंड नाय बघितलं. मी इथं दारात बसलो होतो, गाडी कुठल्या रस्त्यानं जाते ते बघत. गाडी आलीच नाय इकडून." म्हाताऱ्याने काठी रस्त्याकडे रोखली. "आता त्याच्या पोरीला पन तशीच पाठवनार काय? चोरून?"

"चोरून नाय, तात्या," सखू म्हणाली. "चोरून कराचं असतं तर मी कशाला आले असते?"

"ते बी खरं हाय," म्हातारा पुटपुटला. त्याने कमरेची गाठ सोडून एक जुनी नोट काढली, तिच्या ताटात टाकली आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला.

सखू बाहेर आली ती डोळे पुसत. चोरून नाही, असं ती ठासून म्हणाली होती. पण खरंच नाही? येऊ नका म्हणून ती गावभर हात जोडत होती ते नियमासाठी, की गाव बघायला नसावा यासाठी? हळदीची वाटी घेऊन ती मनालीसमोर बसेल तेव्हा तोंडात बोटं घालायला कोणी नसेल, हे तिला सकाळपासून माहीत होतं. तात्याला हे सांगितलं असतं तर? त्याने नोट टाकली असती का? उरलेली घरं तिने भराभर उरकली. कोणी हळहळलं, कोणी मनातून सुटलो म्हणून गोड बोललं, एकीने तर आहेराचं पाकीट तयार नाही म्हणून हुश्श केलं. सखूचं लक्ष नव्हतं. सगळ्यात जवळचं घर तिने सगळ्यात शेवटी ठेवलं होतं.

रखमाबाई अंगणात चादरीवर तांदळाच्या पापड्या वाळत घालून उकिडवी बसली होती. एकेक पापडी उचलायची, उलटायची, परत ठेवायची. सखूला फाटकात बघून ती लगेच उठली नाही. भूपेशच्या लग्नापासून दोघींचं बोलणं भिंतीवरून भांडी देण्याघेण्यापुरतं उरलं होतं.

"बाय, आमंत्रन आनलंय."

रखमाबाईने हात लुगड्याला पुसले आणि ती आली. ताट बघून तिचा चेहरा जरा सैल पडला. सवयीने तिचं बोट कुंकवाकडे गेलं.

"रविवारी लगीन हाय," सखू म्हणाली. "तुमी घरीच राहाचं."

बोट करंड्यावरच थांबलं.

"पंचवीसांत आमी नाय?"

"नाय."

"सख्खा चुलता-चुलती नाय?"

"भावकीतलं कोनीच नाय. सगल्यांना दारात जाऊन सांगून आले."

रखमाबाई भिंतीपलीकडच्या अर्ध्या मांडवाकडे बघत राहिली. वेळू उभे झाले होते, वरचं कापड अजून यायचं होतं.

"मंग पयली हलद कोन लावनार?"

सखूकडे उत्तर तयार होतं. बाळाची बायको, तिची भावजय. सुवासिन, घरची, कोणी बोट ठेवणार नाही अशी. दुपारभर चालताना तिने ते वाक्य मनात घोळवलं होतं. ते म्हटलं असतं की झालं असतं. रविवार निघून गेला असता आणि गावाला पुढे कधी कळलं असतं, कधी नसतं. नियमाने तिला एवढी सोय करून ठेवली होती.

"मी," ती म्हणाली.

"कोन?"

"मी लावनार, बाय. पयली."

रखमाबाईने करंड्यावरचं बोट मागे घेतलं. तिच्या चेहऱ्यावर आधी काहीच नव्हतं, मग रक्त चढलं.

"असं हाय होय! म्हनून फिरत होतीस गावभर. नियम-बियम काय नाय, तुना गाव नको होता बघाला. डोकं ठिकान्यावर हाय ना सखू? पोरीचा संसार अजून सुरू पन नाय जाला, आनी तू आपल्या हातानं..."

पुढचा शब्द तिने गिळला, पण दोघींनी तो ऐकला. सखूने ताट फाटकाच्या खांबावर टेकवलं.

"नियम पन हाय," ती म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्याहून शांत निघाला. "नेत्राकडं बघून आले मी. नियम खोटा नाय. आनी गाव जमला असता तर मना चुलीपाशी उभं राहावं लागलं असतं, ते पन खोटं नाय. दोन्ही खरं हाय. मी काय लपवत नाय. तुमी विचारलंत, मी सांगितलं. दुसऱ्या कोनी विचारलं असतं तर त्यानाबी सांगितलं असतं." हे शेवटचं आताच, बोलताना ठरलं होतं, पण ठरलं होतं. "भूपेशच्या लग्नाला पन्नास मानसं होती, बाय. मी या भिंतीमागं होते. मधुला जाऊन चार महिने जालेले. ताजी विधवा मांडवात नको, असं तुमाला वाटलं असंल. ते तोंडावर बोलवेना, तवा नियम तुमच्या कामाला आला. आज माझ्या आलाय. फक्त मी दारात येऊन सांगते हाय."

रखमाबाई वळली, परत चादरीपाशी जाऊन बसली आणि पापड्या उलटू लागली. उलटलेल्याच परत उलटत होती. सखूने नारळ फाटकाच्या कठड्यावर ठेवला. घेतला तर घेतला, नाहीतर संध्याकाळी तो तिथेच दिसेल आणि तेही चालेल, असं तिने स्वतःला सांगितलं. हळद ती लावणार होती. आता देवाने येऊन नाही म्हटलं असतं तरी लावणार होती. ती जायला निघाली.

"हलद कुटलीस काय?"

सखू थांबली.

"दलून आनली."

"पान्यात कालवू नको. सुकून तडकते, पोरीचं तोंड आवलतं. तेल घालाचं. तिलाचं." पापड्यांवरून नजर न उचलता रखमाबाई बोलत होती. "हाय घरात?"

"नाय. दुकानं बंद..."

रखमाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली आणि आत गेली. डबे सरकवल्याचा आवाज आला. तेवढ्यात आतूनच ती म्हणाली, "मी येनार नाय हां. मना याच गावात राहाचंय. कोनी मना विचारलं तर मी बोलनार, मना काय म्हायती नाय."

"बरं," सखू म्हणाली.

रखमाबाई बाहेर आली तेव्हा तिच्या हातात तेलाची वाटी होती. ती तिने सखूच्या हातात दिली नाही. ताटात, हळदीच्या करंड्याशेजारी ठेवली, सांडू नये म्हणून जरा दाबून बसवली आणि मग पहिल्यांदाच सखूच्या डोळ्यांत पाहिलं.

"आनी घाबरत नको लावू. एका बोटानं टेकवल्यासारखी. दोन्ही हातांनी लाव, गालापासून खाली. पोरीला कलतं, लावनारीचे हात घाबरलेत ते."